बंद पडलेली मोटार आणि परवान्याची रायफल

जामखेड तालुक्यातील ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या काळापासून एखादी शिकारी रायफल वा दुनळी बंदूक वारसाने चालत आलेली आहे, त्या घरच्या परवानाधारकास हत्यार घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, अहिल्यानगरास, जावयाचे झाले म्हणजे एक चमत्कारिक पेच पडतो. स्वतःच्या जिल्ह्याच्या कचेरीकडे जाणारी त्याची सरळ वाट आष्टी व कडा या बीड जिल्ह्यातील गावांवरून जाते. आणि परवान्यावर क्षेत्र म्हणून केवळ आपला जिल्हा नमूद असेल, तर मधल्या त्या टापूत तो कागद मुका होतो. मोटार धावत असते तोवर ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही; कड्याच्या अलीकडे-पलीकडे इंजिन बंद पडले, की ती एकाएकी साक्षात उभी राहते.

१८७८ चा इंग्रजी अमदानीतील कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्यातील पुढच्या दुरुस्तीने शिकारीचा छंदच संपुष्टात आणला. परंतु हत्यारे उरली, परवाने उरले, आणि त्यांच्या वाहतुकीची जोखीमही उरली. या साऱ्या व्यवस्थेचे मर्म एवढेच, की परवाना हा माणसाला दिलेला असतो, मोटारीला नव्हे. म्हणून गाडी सोडून गॅरेजच्या शोधात निघणाऱ्या मालकाने ड्रायव्हरच्या भरवशावर रायफल मागच्या आसनाखाली ठेवून जाणे, अथवा गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकवाल्याच्या हवाली ती गाडीसकट करणे, हा निव्वळ निष्काळजीपणा नसून एका बिनपरवाना इसमाच्या ताब्यात शस्त्र देण्याचा प्रकार ठरू शकतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये एक सवलत आहे खरी: परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावरून, दुसऱ्यास हत्यार वाहून नेता येते. परंतु ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, अथवा स्वतः धारकाच्या वापरासाठी, या तीनच कारणांपुरती आहे. मोटारीची दुरुस्ती त्यांत बसत नाही, आणि ड्रायव्हर कितीही विश्वासू असला तरी त्याचा विश्वासूपणा कायद्याच्या हिशेबी शून्य.

मग रायफल खांद्यावर टाकून एसटीची वाट पाहावी काय? २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी लांब नळीचे हत्यार त्याच्यासाठी बनविलेल्या आवरणात, पूर्णतः झाकलेले आणि धारकाच्या परिणामकारक ताब्यात असावयास पाहिजे. त्याहून गमतीचे आहे ते शस्त्र अधिनियमाचे कलम २०. शस्त्र परवान्याचे असो वा नसो, ते वाहून नेण्याची रीत संशयास्पद वाटली, तर वॉरंटाशिवाय अटक करून हत्यार जप्त करण्याचा अधिकार फौजदारालाच काय, वाहनावर काम करणाऱ्या नोकरालाही या कलमाने दिला आहे. म्हणजे आपल्याला तिकीट देणारा कंडक्टर, तत्त्वतः, आपल्याला पकडूही शकतो! परवाना खिशात आहे म्हणून छाती फुगवून चालणाऱ्यांनी हे कलम एकदा अवश्य वाचावे.

बीडची हद्द टाळण्यासाठी कर्जत तालुक्यातून वळसा घ्यावा म्हटले, तर त्या मुलुखात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. दोन चौरस किलोमीटरांहून किंचित मोठे, १९८० साली घोषित झालेले हे माळरान नकाशावर सहज नजरेतून सुटते. परंतु मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यारासह पाऊल टाकण्यास मनाई आहे, आणि दहा किलोमीटरांच्या आतील रहिवासी परवानाधारकांनी आपली नावे त्याच अधिकाऱ्याकडे नोंदवावीत असाही दंडक आहे. रात्रीच्या प्रहरी, काळविटांच्या माळाशेजारी, दिवे मालवलेली गाडी आणि तीत रायफल: वनरक्षकाने याचा कोणता अर्थ घ्यावा? शिकारीचा गुन्हा शाबीत झाल्यास हत्याराबरोबर वाहनही सरकारजमा होते, हे त्याला ठाऊक असते.

तेव्हा शहाण्या माणसाने निघण्यापूर्वीच परवान्याचे क्षेत्र वाचावे, आणि वाट हद्दीबाहेरची असेल तर ते आधीच वाढवून घ्यावे. कारण परवान्याच्या अटीचा भंग हादेखील शिक्षेस पात्र अपराध आहे. गाडी बंद पडलीच, तर रायफल रिकामी करून, काडतुसे निराळी ठेवून, मूळ परवान्यासह स्वतःजवळ बाळगावी व सोबत्यास गॅरेजकडे धाडावे. सोबती नसेल, किंवा मुक्काम पडणार असेल, तर ११२ क्रमांकावर अथवा जवळच्या ठाण्यात आपण होऊन वर्दी द्यावी आणि तिची नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. पोलिसांनी आपल्याला शोधून काढण्याआधी आपण त्यांना गाठलेले केव्हाही बरे. गाडी गॅरेजात आठवडाभर अडकणार असेल, तर सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे हत्यार जमा करून पावती घेता येते. निवडणुका जाहीर झालेल्या असतील, तर मात्र शस्त्रे जमा करण्याचा जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हुकूम आपल्याला लागू आहे की नाही, याची चौकशी घरून निघण्यापूर्वीच करावी.