प्लाझ्मासंस्कारित पाणी : रोपास पोषक, बाळास वर्ज्य

पहिल्या वळिवानंतर कुंडीतील रोपे जशी तरारतात, तशी नळाच्या पाण्याने तरारत नाहीत, हा अनेकांचा अनुभव आहे. त्यात आकाशातील विजेचाही थोडा वाटा असतो. वीज चमकते तेव्हा हवेतील नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग होतो आणि तो नायट्रेटच्या रूपाने पावसाबरोबर जमिनीत उतरतो.

हीच क्रिया प्रयोगशाळेत घडविता येते. वायूस पुरेशी विद्युत्-ऊर्जा दिली की त्यातील काही कण इलेक्ट्रॉन गमावतात. या विद्युत्भारित अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. हवेच्या प्लाझ्माचा पाण्याशी संपर्क आला की त्यात नायट्रेट, नायट्राइट व हायड्रोजन पेरॉक्साइड उतरतात आणि पाणी आम्लधर्मी होते. गांधीनगरजवळील भाट येथील इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये अशा पाण्याचा प्रयोग वाटाण्याच्या बियांवर झाला. उगवण व वाढ सुधारल्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नायट्रेट हे रोपाचे अन्न; अल्प पेरॉक्साइड बीजास जागे करते. मात्रा वाढल्यास मात्र अंकुरास अपाय होतो.

बालरोगतज्ज्ञाचे मन ‘नायट्रेट’ या शब्दापाशी थबकते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. कॉम्ली यांनी विहिरीच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून पाजलेली, निळी पडलेली तान्ही बाळे वर्णिली. सहा महिन्यांखालील बाळाच्या जठरात आम्लता कमी असते. तेथे वाढणारे जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइटमुळे हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते व ते प्राणवायू वाहू शकत नाही. ते पूर्ववत करणारे विकर तान्ह्या बाळात अपुरे असते. प्लाझ्माच्या पाण्यात तर नायट्राइट आयतेच असते!

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

उद्या हे पाणी आपल्या परसबागेत आले, तर त्याचे स्वागतच करावे. परंतु ते दिसते साध्या पाण्यासारखेच; म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नये, ठळक चिठ्ठी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. आणि आपण वैद्यकांनी, प्राणवायू देऊनही न हटणारी नीलिमा व चॉकलेटी रंगाचे रक्त दिसताच बाळाच्या आईस एक प्रश्न अवश्य विचारावा : दूध कोणत्या पाण्यात कालवले होते?