वाटीभर पिठाचं वजन किती?

कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात तांदळाच्या भाकरीची उकड काढताना वाटीभर पिठाला वाटीभर पाणी, एवढा हिशेब पुरतो. वाटी लहान असो की मोठी, दोन्ही एकाच वाटीनं घेतलं की झालं. घोळ सुरू होतो तो मध्ये काटा आल्यावर. फार्महाऊसवरून शंभर भाकऱ्यांची ऑर्डर आली, पाच किलो पीठ तोललं आणि ‘पिठाइतकंच पाणी’ म्हणून पाच लिटर आधण ठेवलं, तर उकड कोरडी पडते आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात.

दीडशे मिलिलिटरच्या वाटीत पाणी १५० ग्रॅम मावतं, तांदळाचं पीठ मात्र १०० ग्रॅमच्या आसपास. उरलेली जागा कणांमधल्या हवेची असते. म्हणजे पाच किलो पिठाला पाणी हवं साडेसात लिटरच्या घरात.

त्याच वाटीत तांदूळ किंवा साखर साधारण १२५ ग्रॅम, तेल १३८ ग्रॅम आणि बारीक मीठ १८० ग्रॅमच्या जवळपास बसतं. तेव्हा ‘एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम’ हे पदार्थाचं नाव घेतल्याशिवाय सांगताच येत नाही. पीठ तर स्वतःशीही एकनिष्ठ नसतं: नुकतंच चाळलेलं पीठ हलकं भरतं, डब्यात दाबून बसलेलं जड. तांदळातही दाण्याचा आकार आड येतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं दिलेल्या वाणांपैकी कर्जत-३ आखूड आणि जाड दाण्याचं, तर कर्जत-७ लांब आणि बारीक. आखूड दाणे मापात जास्त दाटीनं बसतात.

या भागाला मापाची सवय जुनी आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यात मापटं सपाट भरायचं की शीग लावून, यावरून घेणाऱ्या-देणाऱ्यात घासाघीस ठरलेली. देशानं १९५६ मध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा केला आणि पुढच्या काही वर्षांत बाजार किलोवर आला. आज आधारभूत दरानं भातखरेदी क्विंटलनं होते. तरी मळणीनंतरचं गणित मापानंच पटकन समजतं. एक लिटर भाताचं वजन साडेपाचशे-सहाशे ग्रॅम भरतं, भरडल्यावर त्यातले दोन तृतीयांश तांदूळ हाती लागतात आणि तो तांदूळ भातापेक्षा दाट बसतो. म्हणून दोन पायल्या भाताचा तांदूळ पायलीला थोडा कमीच भरतो.

परदेशी पाककृतींनी आणखी गोंधळ घातला आहे. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानी राइस कुकरसोबत येणारा १८०चा. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं, ते घरोघरी चाललं, कारण स्वयंपाकघरात प्रमाण महत्त्वाचं.

मोठ्या स्वयंपाकाला मात्र वजनच बरं. त्यासाठी आपली नेहमीची वाटी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, पीठ चमच्यानं सैल भरून सुरीच्या पाठीनं सपाट करावं आणि वजन डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावं. तांदूळ, रवा, बेसन, प्रत्येकाचं वेगळं. हिंग-हळदीला हे लागू नाही. घरगुती काटा दोन-तीन ग्रॅमला धड दाखवत नाही, तिथे चमचाच खरा.