ट्रकधंद्याला नाव देवाचं की स्वतःचं?
नव्या ट्रकधंद्याला ‘साई’, ‘गणेश’ किंवा ‘बालाजी’ ट्रान्सपोर्ट म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. श्रद्धा खरी, पण एकाच बाजारपेठेत त्याच नावाचे दोघे असले, की मालाच्या चौकशीचा फोन भलतीकडे जातो, बिल्टीवरून वसुलीत घोळ होतो. शिवाय वाहतूक सेवांसाठी असलेल्या ट्रेडमार्कच्या ३९व्या वर्गात अशा सर्रास नावावर एकट्याचा हक्क सांगणं अवघड. गदगला १९७६ साली सुरू झालेल्या विजयानंद रोडलाइन्सची ‘व्हीआरएल’ ही अक्षरं मात्र ट्रकवर लांबूनही ओळखू येतात. देवाच्या नावानंच गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, असं कुणी म्हणेल. देवाचं नाव लिहायला ट्रकची पुढची काच आहेच. बिल्टीवर मात्र फोनवर एकदा सांगताच कळेल असं वेगळं नाव हवं, तेही छपाईआधी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन नोंदीत तपासलेलं.