‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवतो तेव्हा

आठवड्यातून 2-3 वेळा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला थकवा, थंडी, कोरडी त्वचा, बद्धकोष्ठता सतावते. दोष किडनीचा की थायरॉइडचा? लक्षणं दोन्हीकडची सारखीच. त्यात थायरॉइड धड असूनही अशा रुग्णांत टी-3 बरेचदा कमी दिसतं. केवळ त्या आकड्यावरून गोळी सुरू करणं म्हणजे घाईच. डायलिसिसमध्ये दिलेल्या हेपॅरिनमुळे फ्री टी-4 खोटंच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीचं रक्त डायलिसिसआधी घेतलेलं बरं.

यकृताचं गणित उलटं.

डायलिसिसच्या रुग्णांत एसजीपीटी, एसजीओटी ही यकृताची एन्झाइम्स मुळातच खालच्या पातळीवर असतात; ब-6 जीवनसत्त्वाची कमतरता हे त्याचं एक कारण मानलं जातं. परिणामी हिपॅटायटिस सी असूनही आकडे ‘नॉर्मल’ येऊ शकतात. म्हणून बी आणि सी विषाणूंची तपासणी स्वतंत्रपणे, ठरावीक काळाने करावी लागते. हिपॅटायटिस बी लशीचा डोसही या रुग्णांना सहसा दुप्पट दिला जातो.