पाळणाघर: गैरसमज आणि घराची तयारी

पाळणाघराविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे तिथे गेलेले मूल आईपासून दुरावते. अमेरिकेत 1991 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेराशेहून अधिक मुलांकडे जन्मापासून लक्ष ठेवले गेले. केवळ पाळणाघरात गेल्याने आई-मुलाचे नाते सैल होत नाही, असे त्यात दिसले. आईचा प्रतिसाद अपुरा आणि पाळणाघरातला सांभाळही निकृष्ट, अशी दुहेरी उणीव असेल तिथे मात्र फरक पडला. चांगल्या ठिकाणी मुलांची भाषा पुढे गेली, तर फार तास तिथे राहणाऱ्या मुलांत दांडगाई किंचित जास्त आढळली. म्हणजे ‘काहीच फरक पडत नाही’ हा उलटा समजही खरा नाही.

मूल रडते म्हणजे जागा वाईट, हाही घाईचा निष्कर्ष. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला आपले माणूस नजरेआड होण्याची भीती वाटू लागते आणि दहा ते अठरा महिन्यांच्या काळात ती सर्वाधिक असते. सहाव्या महिन्यात कुणाच्याही कडेवर हसत जाणारे मूल नवव्या महिन्यात पाळणाघराच्या दारातच गळ्याला मिठी मारते. मावशी बदललेल्या नसतात, मूल वाढलेले असते. आई-बाबा गेल्यावर थोड्या वेळात ते खेळू लागते का, हे विचारणे अधिक उपयोगाचे. दिवसभर न शमणारे रडणे, खाणे-झोप अचानक बिघडणे किंवा अंगावर न समजणारे वळ दिसणे, याची मात्र लगेच चौकशी हवी.

‘त्याचे लक्ष नसताना सटकावे, मग ते रडत नाही’ हा सल्ला घरोघरी मिळतो. तो मोठ्यांची सुटका करतो, मुलाची नाही. आई केव्हाही गायब होऊ शकते एवढेच मूल त्यातून शिकते आणि दुसऱ्या दिवसापासून पदर सोडत नाही. जर्मनीत रूढ असलेल्या बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस पालक मुलासोबत थोडा वेळ तिथेच बसतात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन काही मिनिटे बाहेर जातात आणि मूल शांत होत नसेल तर परततात. रुळायला एक ते दोन आठवडे, कधी जास्तही लागतात. तेव्हा रजा संपण्याच्या आदल्या दिवशी मूल नेऊन सोडणे हे नियोजन नव्हे. जेवणाची आणि झोपेची वेळ आधीच पाळणाघराशी जुळवून घ्यावी. आणायला कोण जाणार, हे आजी-आजोबांसकट सर्वांना माहीत असावे आणि त्यांची नावे पाळणाघरात लेखी द्यावीत.

सर्दी-खोकल्याची तक्रार खरी आहे, पण ‘मूल कायमचे अशक्त होते’ हे खरे नाही. अमेरिकेतल्या टूसॉन शहरातील अभ्यासात मोठ्या पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त झाली, तर शाळेच्या सुरुवातीच्या वर्षांत कमी. लसी वेळेवर देणे आणि ताप असताना मूल घरी ठेवणे एवढे पथ्य आवश्यकच. तापाच्या दिवशी रजा कोण घेणार, हा वाद सकाळी साडेसातला नव्हे, आधीच मिटवावा.

कॅमेरा आहे म्हणजे मूल सुरक्षित, हा नवा भ्रम. कॅमेरा रडणाऱ्या मुलाला उचलून घेत नाही. खरा प्रश्न एका मावशीकडे किती मुले हा आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक सेविका आणि जोडीला मदतनीस सांगितली आहे. रांगत्या बाळांसाठी हे प्रमाणही सढळ म्हणता येणार नाही.

राहता राहिला ‘पाळणाघर म्हणजे शहरी नोकरदारांचे फॅड’ हा आक्षेप. कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यातच होती. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था 1969 मध्ये दिल्लीत सुरू झाली ती बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन घातले आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा दिली. ही मुभा फक्त आईला आहे. वडिलांचा त्या कलमात उल्लेख नाही.