मोटारींतील इंधन-पंपाचा आवाज व त्याची चौकशी

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून द्राक्षें, कांदे व टोमॅटो पिकविणाऱ्या पुष्कळ कुटुंबांच्या दारीं हल्लीं एखादी मोटार किंवा मालवाहू पिकअप उभी असते. बैल आजारी पडला तर त्याच्या डोळ्यांवरून व रवंथावरून धनी तें चटकन् ओळखतो. परंतु गाडीच्या मागल्या अंगांतून 'घूं-घूं' असा आवाज येऊं लागला म्हणजे तोच जाणता धनी गोंधळून जातो. मग गाडी गॅरेजांत जाते, 'पंप गेला' असा निकाल मिळतो, पैसे मोजले जातात, आणि कित्येकदां नवा पंप बसवूनही आवाज होता तसाच राहतो. हा खर्च व मनस्ताप टाळतां यावा, आणि पंप खरोखरीच जात असेल तर तो भर तोडणीच्या दिवसांत रस्त्यांत दगा देण्यापूर्वीं कळावा, एतदर्थ हा लेख लिहीत आहों.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथील एक रीत येथेंही उपयोगी पडते: आधीं पंचनामा, मग जाबजबाब, आणि सर्वांत शेवटीं निकाल. आवाज ही केवळ फिर्याद आहे. ती ऐकतांच पंपास दोषी ठरविणें न्यायाचें नव्हे.

पंप म्हणजे काय

प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत पेट्रोल खेंचणारा पंप इंजिनाच्या अंगासच लावलेला असे व तो इंजिनाच्या फिरण्यावर चाले. पुढें कार्बुरेटर जाऊन पेट्रोलचे फवारे मारणारीं इंजिनें आलीं, आणि पंप विजेवर चालणारा होऊन पेट्रोलच्या टाकींतच जाऊन बसला. पुष्कळशा मोटारींत मागील आसन उचललें असतां त्याखालीं जें वाटोळें झांकण दिसतें, त्याच्या खालीं हा पंप असतो.

आमच्या वाचकांस याची कल्पना यावयास बोअरमधील पाणबुडी मोटर आठवावी. ती पाण्यांत बुडून राहते, तेंच पाणी तिला गार ठेवतें, आणि पाणी तुटलें कीं ती तापून जळते. टाकींतील पंपाचीही तीच गत आहे. पेट्रोल हेंच त्याचें वंगण व तेंच त्याचें थंड पाणी. पाणबुडी मोटरीस कमी व्होल्टेज सोसत नाहीं. यासही सोसत नाहीं. विहिरीवरच्या पंपाच्या फुटव्हॉल्व्हला शेवाळ व कचरा बसला कीं मोटर कण्हूं लागते. या पंपाच्या तोंडाशीं असलेल्या जाळीस गाळ बसला कीं तोही कण्हतो. हें एक साम्य मनांत धरलें म्हणजे पुढील सर्व चौकशी सोपी होते.

साधा आवाज कोणता

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करतां थांबलें असतां मागल्या बाजूस दोन-तीन सेकंद हलका गुणगुणाट होतो व थांबतो. पंप नळींत दाब भरून घेत असतो, त्याचा हा आवाज होय. तो दोष नव्हे. उलट तो मुळींच ऐकूं येत नसेल व गाडी सुरू होत नसेल, तर प्रथम फ्यूज व रिले पाहावे. निरोगी असतांना आपल्या गाडीचा हा आवाज कसा असतो, तें एकदां शांत वेळीं ऐकून ठेवावें. पुढें बदल झाला तर तो लगेच ध्यानांत येईल.

आवाज पंपाचाच आहे ना, हेंही ठरविलें पाहिजे. गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढवावा. वेगाबरोबर आवाज चढत गेला व तो पुढल्या बाजूचा असला, तर तो बहुधा अल्टरनेटरच्या किंवा पट्ट्याच्या बेअरिंगचा असतो. गाडी धांवतांनाच येणारा व धांवेबरोबर वाढणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा समजावा. पंपाचा आवाज उभ्या गाडींतही मागल्या बाजूस येतो, व इंजिनाचा वेग वाढला तरी फारसा चढत नाहीं.

चौकशीचा क्रम

पहिली गोष्ट, टाकींत पेट्रोल किती आहे तें पाहावें. कांटा तळाशीं असतांना आवाज मोठा होत असेल, तर टाकी अर्ध्यावर भरून पुन्हां ऐकावें. आवाज निवळला तर पंप उघडण्याचें तूर्त कारण नाहीं. संवय मात्र बदलली पाहिजे. पुष्कळ गाड्यांत पंपाभोंवतीं थोडें पेट्रोल धरून ठेवणारी वाटी असते, तथापि तिच्या भरंवशावर नेहमींच शंभर-दोनशें रुपयांच्या पेट्रोलवर गाडी हांकणें म्हणजे आटलेल्या बोअरमध्यें मोटर चालविणें होय. पाव टाकीच्या खालीं शक्यतों जाऊं नये.

दुसरी गोष्ट, ओझ्याखालीं गाडी कशी वागते तें पाहावें. नांदुरीकडून सप्तशृंगीच्या गडावर माणसांनीं भरलेली गाडी चढतांना ती दम सोडते, आचके देते, आणि त्याच वेळीं आवाज तीव्र होतो, असें असेल तर जाळी किंवा फिल्टर तुंबल्याचा संशय घ्यावा. तुंबलेल्या जाळींतून पंप जोरानें ओढूं लागला म्हणजे पेट्रोलमध्यें वाफेचे बुडबुडे होतात, व ते फुटतांना कर्कश आवाज होतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत तापलेल्या टाकींत हा त्रास अधिक होतो. घरीं डब्यांत किंवा पिंपांत सांठविलेलें इंधन न गाळतां ओतल्यानें गाळ व पाणी टाकींत जातें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

तिसरी गोष्ट, वीज. पंपाच्या जोडणीवरील पिना काळवंडल्या किंवा हिरवट झाल्या असतील, अथवा जमिनीची तार ढिली असेल, तर पंपास पुरती वीज मिळत नाहीं. इंजिन चालू असतांना बॅटरीवर बहुधा साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसतात. पंपाच्या जोडणीपाशीं त्याहून एक व्होल्ट किंवा अधिक कमी भरत असेल, तर दोष तारेंत शोधावा. कित्येक नव्या गाड्यांत पंपाचा वेग गरजेप्रमाणें बदलणारें यंत्र असतें. तेथें हें मोजमाप कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेंच करवावें.

चौथी गोष्ट, नुसता खडखडाट. पंप ज्या रबरी बैठकीवर असतो ती कडक झाली, किंवा इंधनाची नळी चिमट्यांतून सुटून पत्र्यास टेकली, तर निरोगी पंपाचाही आवाज सर्व गाडीभर घुमतो. नळी पुन्हां चिमट्यांत बसविली कीं काम संपतें.

पांचवी गोष्ट, दाब. फवारे मारणाऱ्या पुष्कळशा पेट्रोल इंजिनांत हा दाब सुमारें तीन ते चार बार असतो. मोटारीच्या चाकांतील हवा सुमारें सव्वादोन बार असते, त्यावरून अजमास करावा. गॅरेजवाल्यास दाबमापक लावावयास सांगून आंकडा स्वतः पाहावा. फिल्टर स्वच्छ, वीज पुरती, टाकी भरलेली, आणि तरीही दाब उणा व आवाज दिवसेंदिवस चढता. किंवा गाडी तापल्यावर बंद पडते व निवाल्यावर सुरू होते, असें असेल तर मात्र पंप झिजला असें समजून तो बदलावा. त्या वेळीं जाळीही नवी घ्यावी व टाकी धुऊन घ्यावी. नाहींतर जुना गाळ नव्या पंपासही खाईल.

कंपनीचा दोष असल्यास

कधीं कधीं पंप मुळांतच सदोष निघतो. जुलै 2020 मध्यें मारुती सुझुकीनें वॅगन-आर व बलेनो मिळून 1,34,885 गाड्या इंधन-पंपाच्या संभाव्य दोषासाठीं परत बोलावल्या, व दोष आढळल्यास भाग फुकट बदलून देण्याचें जाहीर केलें. होंडा कंपनीनेंही 2020 व 2021 सालीं पंप बदलण्यासाठीं हजारों गाड्या बोलावल्या होत्या. म्हणून नव्या पंपाचे पैसे देण्यापूर्वीं गाडीचा चेसिस नंबर देऊन, ती अशा यादींत आहे काय, हें अधिकृत विक्रेत्याकडे विचारावें. यास एक पैही लागत नाहीं.

इथेनॉलविषयीं दोन शब्द

आपल्याच ऊंस व मक्यापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें 2025 सालीं गांठलें. शेतकऱ्यास ही गोष्ट हिताची आहे. तथापि इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या गाड्यांतील कांहीं रबरी भागांस तें मानवत नाहीं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकींत म्हणूनच जुनें पेट्रोल ठेवूं नये, व जुन्या गाडीच्या नळ्या वर्षांतून एकदां तपासून घ्याव्या.

डिझेल गाडी व सावधगिरी

सातपूरच्या बॉश कारखान्यांत, म्हणजे ज्यास आपण जुन्या नांवानें मायको म्हणतों तेथें, डिझेल इंजिनाचे नोझल व इंजेक्टर तयार होत आले आहेत. त्यामुळें डिझेलची बारीक कारागिरी नाशिककरांस परकी नाहीं. डिझेल पिकअपमध्यें आवाज आल्यास प्रथम फिल्टरखालचें सांचलेलें पाणी काढावें आणि नळ्यांतून हवा शिरते काय तें पाहावें. मात्र कॉमन रेल इंजिनांत दाब हजार बारच्याही वर जातो. अशा दाबाची बारीक धार कातडी भेदून आंत जाते. चालू इंजिनाच्या नळीवर गळती शोधण्यासाठीं हात कदापि फिरवूं नये. धार लागल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें.

पेट्रोलच्या टाकीचें झांकण उघडण्याचें काम घरीं करूंच नये. ऐकणें, पाहणें व लिहून ठेवणें हें मालकाचें काम. उघडणें हें जाणत्या मिस्त्रीचें. तो देखील तें मोकळ्या हवेंत, नळींतील दाब उतरवून, बॅटरीची तार काढून व विडी-काडी दूर ठेवून करतो कीं नाहीं, यावर मालकानें लक्ष ठेवावें.

शेवटीं, मिस्त्रीकडे जातांना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या: आवाज केव्हां येतो, कोठून येतो, टाकींत पेट्रोल किती असतांना येतो, आणि ओझ्याखालीं गाडी दम सोडते कीं नाहीं. पंप बदललाच तर दाबाचे आधींचे व नंतरचे आंकडे पावतीवर लिहून घ्यावे आणि काढलेला जुना पंप परत मागावा. द्राक्षाची पेटी एक रात्र रस्त्यांत अडकली तर तिचा भाव दुसऱ्या दिवशीं कोणी थांबवून ठेवीत नाहीं. म्हणून ही चौकशी तोडणीपूर्वीं, पौष महिन्यांतच उरकून घ्यावी, अशी आमची आमच्या बंधूंस सूचना आहे.