हिवाळ्यात छताला ओल का येते?

नोएडा शहराची स्थापना १९७६ साली झाली. तेथील जुन्या घरांवर बहुधा काँक्रीटचे सपाट छत आढळते. पावसाळा संपून तीन महिने लोटलेले असतात. तरीही जानेवारीत वरच्या मजल्यावरील खोल्यांच्या कोपऱ्यांत छताला ओल सुटते व तीवर काळी बुरशी चढते. गच्ची गळते असे समजून घरमालक वरून जलरोधक लेप देतो, पण पुढील हिवाळ्यात ओल पुन्हा हजर होते. असे का व्हावे?

हे पाणी पुष्कळदा घरातच निर्माण झालेले असते. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला, की सुमारे दीड किलो पाणी बाष्परूपाने हवेत मिसळते. स्नान, ओले कपडे आणि आपला श्वास यांची त्यात भर पडते. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते. १० अंशांवर ही मर्यादा सुमारे ९ ग्रॅमपर्यंत उतरते. निरभ्र रात्री छत आपली उष्णता आकाशाकडे टाकून थंड होते. खोलीतील दमट हवा त्याला लागताच जादा बाष्पाचे थेंब बनतात. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून पाणी जमते, तोच हा प्रकार.

हिमप्रदेशात याच उष्णतेचा निराळा परिणाम दिसतो. घरातून निसटणारी ऊब छपरावरील बर्फ वितळवते. ते पाणी थंड वळचणीशी पुन्हा गोठून बांध तयार होतो व मागे तुंबलेले पाणी घरात झिरपते. उष्णतेची गळती हेच दोन्हींचे मूळ होय.

खर्च करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. ओला भाग पुसून कोरडा करावा व त्यावर प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही कडांनी चिकटवावा. एकदोन दिवसांनी खोलीकडील बाजूस थेंब दिसल्यास ते घरातील बाष्पाचे. छताकडील बाजूस दिसल्यास पाणी छतातून येत आहे असे समजावे.

बाष्प हे कारण ठरल्यास स्वयंपाकघर व न्हाणीघर यांतील दमट हवा पंख्याने बाहेर घालवावी, कपडे बाहेर वाळवावेत आणि दुपारी खिडक्या काही वेळ उघडाव्यात. कायमचा उपाय म्हणजे गच्चीवर उष्णतारोधक थर. उत्तर भारतात छतावर भुसा कालवलेल्या मातीचा थर देऊन वर पातळ विटा बसविण्याची जुनी रीत आहे. उन्हाळ्यासाठी योजलेला हा थर कोरडा राहिल्यास हिवाळ्यातही उपकारक ठरतो. मात्र त्याचा भार छताला पेलेल की नाही, हे जाणकाराकडून आधी पाहून घ्यावे. बुरशीवर नुसता रंग दिल्याने दोष झाकला जातो; बाष्पाला वाट आणि छताला ऊब मिळाली, तरच तो दूर होतो.